नोकरी शाबूत आहे, सायकल हौसेची आहे

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
रविवार, 18 ऑगस्ट 2024

तीर्थरूप नाना आणि आई यांच्या चरणी
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि माझं बोलणं तुमच्याआधी गल्लीला कळतं. म्हणून हे पत्र दादाच्या मेलवर पाठवतेय, तो छापून आणून देईल. नाना, कागद हातात आला म्हणून ऱ्हस्वदीर्घाला लाल शाई लावून परत पाठवू नका. तुमचं मास्तरपण जिल्हा परिषदेतून रिटायर झालंय.

पहिली गोष्ट, तुमच्या जावयांची नोकरी गेलेली नाही.

परवा आईने फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "बाई, गाडी विकली का गं?" मला काही उलगडा होईना. मग कळलं की आमचा सायकलींचा फोटो दादाच्या ग्रुपवरून कळमनुरीला मामांकडे पोचला आणि मामींनी निकाल लावून टाकला. अमेरिकेत कंपन्या माणसं काढतायत, टीव्हीवर रोज दाखवतात. आणि ही दोघं तर सायकलवर आली. मागे पांढरी भिंत, भिंतीला पाठ लावून आठ माणसं ओळीत, अंगात एकसारखी पिवळी जाकिटं. मामांना म्हणे तो पोलीस ठाण्यातला फोटो वाटला.

ती भिंत नाही. तो गोल्डन गेट पूल आहे.

म्हणजे तिथे पूल आहे. 1937 साली खुला झाला, मनोरे 227 मीटर उंच, आणि धुक्यातही उठून दिसावा असा भडक नारिंगी रंग त्याला दिलाय. आम्ही त्याच्यापासून शंभरेक पावलांवर उभे होतो आणि आम्हाला फक्त त्याचा भोंगा ऐकू येत होता. जहाजांनी पुलाला धडकू नये म्हणून धुक्यात तो भोंगा वाजतो. कारखान्याचा भोंगा रात्री गावात ऐकू यायचा ना, तसाच, फक्त जास्त दुःखी.

तुम्ही विचाराल, ऑगस्टात धुकं कसलं? आपल्याकडे धुकं पौषात, तेही सकाळी नऊला ऊन वर आलं की संपलं. इथे उलटं आहे. या किनाऱ्याला उत्तरेकडून गार पाण्याचा प्रवाह येतो. त्यात उन्हाळ्याचा वारा वरचं पाणी लोटून नेतो आणि समुद्राच्या पोटातलं आणखी गार पाणी वर येतं. त्याच्यावरची दमट हवा थंडावते, तिचं धुकं होतं. तिकडे डोंगरापलीकडची खोरी परभणीच्या मे महिन्यासारखी तापलेली. तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरचं धुकं आत ओढून घेते. हळदीचा कुकर उघडला की वाफेत चार पावलांवरचा गडी दिसेनासा होतो, तसं. फक्त ही वाफ गार आणि तिला वास नाही. फ्रीमॉन्टला आम्ही पंखा लावून बसतो आणि तासाभराच्या अंतरावर लोक कानटोपी घालून फिरतात. इथल्या लोकांनी या धुक्याचं नाव कार्ल ठेवलंय. 2010 पासून कार्लच्या नावाने कुणीतरी ट्विटरवर लिहितंसुद्धा. इथलं धुकं बोलतं, नाना; आपला दादा महिनामहिना बोलत नाही.

तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही आठ जण या पुलापासून दक्षिणेला सांताक्रूझ नावाच्या गावी निघालो. दोन दिवस, सगळं मिळून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. झोके खेळायच्या दिवसांत मी काय करून बसले, हे आईला समजावणं अवघड आहे, पण प्रयत्न करते.

आधी सायकलीबद्दल, कारण नानांचा खरा प्रश्न तोच असणार. इथल्या या सायकलींना स्टँड नाही. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, डायनॅमो नाही. घंटी वेगळी विकत घ्यायची. सायकल जितकी महाग तितका तिच्यावर ऐवज कमी. आमच्यातल्या पुणेकरांची सायकल सगळ्यांत महाग, म्हणून तिच्यावर बसायची जागासुद्धा जेमतेम तळहाताएवढी. किंमत सांगत नाही. तुम्ही ती लगेच हळदीच्या क्विंटलात मांडाल, आणि यंदा भाव बरा असला, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी आकडा ऐकून आई खाली बसेल. ही सायकल भिंतीला टेकवून ठेवायची. भिंत नसेल तर एकाने सगळ्यांच्या धरून उभं राहायचं. दोन दिवस ते काम बहुतेक कोल्हापूरकरांनी केलं, कारण ते रुंद आहेत.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. चड्डी अंगाला चिकटलेली आणि आतून बसायच्या जागी गादी शिवलेली. तुमचे जावई ती घालून हॉलमध्ये आले तेव्हा धाकटा म्हणाला, "बाबा, बाकीचे कपडे?"

त्यांचे बूटही तसलेच. तळाला खटका असतो, तो पायडलमध्ये अडकतो, म्हणजे पाय निसटत नाही. थांबण्याआधी टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा असतो. पहिलाच लाल सिग्नल आला. तुमचे जावई नियमाप्रमाणे थांबले, पाय मात्र सोडवायचा राहिला. मग कापलेली केळ जाते तसे ते अख्खेच्या अख्खे, सायकलीसकट, शांतपणे, अजिबात घाई न करता एका बाजूला गेले. दोन्ही पाय पायडललाच. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" हे आडव्यानेच "एकदम" म्हणाले. औंढ्याजवळ ती लायगोची वेधशाळा व्हायची आहे ना, चार-चार किलोमीटरच्या भुजांची? ती चालू असती तर तुम्हाला बातमी माझ्याआधी कळली असती.

(लागलं काही नाही. गेल्या महिन्यात 10 जुलैला आपल्याकडे भूकंप झाला तेव्हा मी रडत फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "काही नाही, भांडी वाजली." तेवढंच समजा.)

मंडळी सांगते. पुणेकर नवराबायको, त्यांनी दोन दिवसांचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं होतं, त्यात लघवीलासुद्धा रकाना होता. नागपूरकर आणि वहिनी. सोलापूरकर, शेंगाचटणीसकट. कोल्हापूरकर एकटेच, पण खाण्यात दोन धरायचे. आणि आम्ही मराठवाड्याचे, ज्यांना इथे कुणी "म्हणजे औरंगाबाद का?" विचारतं आणि आम्ही दमून हो म्हणतो. मागून मोठ्या गाडीत सोलापूरकरांच्या सासूबाई, सगळ्यांची पोरं आणि जेवणाचे डबे. या आजी नांदेडच्या, सहा महिन्यांसाठी आल्यात. त्यांनी आदल्या रात्री बसून साठ धपाटे केले. सायकलवाले लोक वाटेत शक्तीसाठी एक चिकट पदार्थ पाकिटातून चोखतात. मी चाखला. सांधेदुखीच्या मलमात साखर घातली तर तसं लागेल.

दक्षिणेकडे जाताना वारा पाठीशी असतो आणि समुद्र आपल्या हाताला, म्हणून या रस्त्याने सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडेच जातात. वारा होता. समुद्राचा आवाजही होता. बाकी पुढच्याचा लाल दिवा आणि स्वतःच्या भुवयांवरून गळणारं पाणी एवढंच दिसत होतं. धुक्यात माणूस पावसासारखा भिजत नाही. आधी पापण्यांवर दव धरतं, मग चष्मा जातो, मग बोटं. आणि तासाभराने कळतं की बाही पिळता येतेय.

पॅसिफिका नावाचं एक गाव लागलं. तिथे दर सप्टेंबरात चक्क धुक्याची जत्रा भरते. आपल्याकडे ज्याचा त्रास होतो त्याची शांत करतात, यांनी जत्रा केली.

त्याच्या पुढचा कडा म्हणजे डेव्हिल्स स्लाइड, सैतानाची घसरगुंडी. माळशेजला दरड कोसळते तशी इथे वर्षानुवर्षं कोसळायची. 1995 साली रस्ता पाच महिने बंद होता. शेवटी डोंगरातून बोगदे काढले, ते 2013 साली सुरू झाले, आणि कड्यावरचा जुना रस्ता दुसऱ्या वर्षी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना देऊन टाकला. दोनेक किलोमीटर, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली आपटणारा समुद्र. जगातल्या सुंदर रस्त्यांत त्याची गणती करतात. असेल. आम्ही तो कानांनी पाहिला.

तिथेच भानगड झाली. पुणेकरांनी नियम केला होता की दर तासाला थांबून माणसं मोजायची. मोन्टाराला थांबलो. त्यांनी मोजली, नऊ भरली. पुन्हा मोजली, नऊच. वहिनी म्हणाल्या, "स्वतःला दोनदा मोजता काय?" मग तुमच्या जावयांनी मोजली, कोल्हापूरकरांनी मोजली. नऊ. मला बारीक भीती वाटली, श्रावणाचे दिवस, आपण कुणाला बरोबर घेऊन आलो की काय. शेवटी नवव्या पिवळ्या जाकिटाने टोपी काढली. आतून तांबूस दाढीचा जर्मन निघाला. कॅनडापासून एकटाच मेक्सिकोकडे चालला होता. धुक्यात आमचे दिवे दिसले, माणसं बडबडी वाटली, म्हणून मागच्या थांब्यापासून आमच्यात मिसळून आला होता. मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण पुणेकर ओरडले की थांबायचं हे त्याच्या लक्षात आलं होतं.

आजींनी त्याला बघून काही विचारलं नाही. "किती वाळलंय लेकरू," म्हणाल्या आणि त्याच्या हातावर दोन धपाटे, दही आणि ठेचा ठेवला. हिरव्या मिरचीचा, बोटाएवढा. मी सांगणार होते. त्याला ती कसली तरी पालेभाजी वाटली आणि त्याने तो एका घासात संपवला. आधी कान लाल झाले. मग तो उठला, समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "आणखी आहे?" आजी म्हणाल्या, "जातीचा दिसतोय." धुकं असलं तरी अंगात ऊब घेऊन गेला बिचारा. निघताना चार धपाटे बांधून दिले.

दुपारी हाफ मून बे. तिथलं एक नानांसाठी जपून ठेवलंय. दर ऑक्टोबरला तिथे भोपळे तोलायची शर्यत लागते. मागच्या वर्षी मिनेसोटाचा एक बागकामाचा मास्तर भोपळा घेऊन आला, वजन 2,749 पौंड. म्हणजे जवळजवळ साडेबारा क्विंटल. एक भोपळा. जगातला तोवरचा सगळ्यांत मोठा. गोष्टीतली म्हातारी त्यात लेकीच्या सासरच्यांसकट परत आली असती. तुम्ही नक्की विचाराल की मोंढ्यात काय भाव मिळाला, तर एरवी वजनाचंच बक्षीस मिळतं, पौंडाला नऊ डॉलर; याला मात्र जागतिक विक्रमाचे एकरकमी तीस हजार डॉलर मिळाले.

इथवरचे चढ बोलत बोलत चढलो होतो. खरी परीक्षा पुढे होती. सान ग्रेगोरिओला 1889 सालचं एक दुकान आहे, तिथून पेस्काडेरोपर्यंत घोडागाड्यांचा जुना रस्ता जातो, स्टेज रोड. साधारण 11 किलोमीटर, आणि मध्ये दोन डोंगर. पहिल्या डोंगरावर संभाषण थांबलं. दुसऱ्यावर पुणेकरांनी एक्सेलचं नाव काढणं सोडलं. सोलापूरकर उतरून चालू लागले आणि चालता चालता आम्हाला मागे टाकून पुढे गेले. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं. मीही तीन वेळा मनापासून हाक मारली, चढ काही उताराला लागला नाही.

तिथे मला तुमची शाळा आठवली, नाना. ती 11 किलोमीटरच होती ना? जाऊन येऊन 22. खडीचा रस्ता, कॅरियरला हजेरीपट, पुढच्या नळीवर मी, हँडलला दुधाची किटली. आपण परभणी जिल्ह्यात होतो तेव्हापासून, हिंगोली जिल्हा झाला त्यानंतरही. तुम्हाला कधी कुणी "वा, काय फिटनेस!" म्हटल्याचं मला आठवत नाही. पाऊस असला की गुरुजींना उशीर झाला एवढंच म्हणायचे. मला त्या चढावर कुठून तरी तुमचं घसा खाकरणं ऐकू आलं आणि मी उतरले नाही. चढले. अभिमानाने नाही, लाजेने.

मुक्काम पिजन पॉइंटच्या दीपगृहापाशी. 1853 साली 'कॅरियर पिजन' नावाचं नवंकोरं जहाज धुक्यात तिथे खडकावर आपटून फुटलं. म्हणून जागेचं नाव कबुतराचं. मग 1872 साली 115 फुटी दीपगृह उजळलं. त्याच्या भिंगात काचेचे 1,008 लोलक आहेत. शेजारच्या जुन्या घरांत आता प्रवाशांची सोय केलीय. रात्री दरवाजात उभी राहिले तर धुक्यात सगळं विरघळलेलं, समुद्र कुठे संपतो आणि आपण कुठे उभे आहोत ते कळेना. धुक्याचा भोंगा ठेवायची वेगळी इमारत तिथे आहे. रात्रभर भोंगा मात्र कोल्हापूरकरांनी वाजवला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे हवं तर ओट्यावर मोठ्याने वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळपास वस्ती नाही, फोनला रेंज नाही, समोर नुसतं धुकं, आणि फुस्स. पुणेकरांची ती महागडी सायकल पंक्चर. जादा ट्यूबा गाडीत, आणि आजींची गाडी वेळापत्रकाप्रमाणे पुढे डेव्हनपोर्टला. आठ जणांत सहा इंजिनियर. एकाने टायर दाबून पाहिला. दुसऱ्याने घर्षणाबद्दल काही सांगितलं. तिसरा यूट्यूब उघडायला बघत होता, रेंज नसताना. तुमचे जावई म्हणाले, "कुणाला तरी हात करू या." मी पाच मिनिटं गंमत बघितली आणि मग बाह्या सरसावल्या.

टायर सोडवायला धपाट्याच्या डब्यातले दोन चमचे घेतले. ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली. डबा रिकामा करून त्यात सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि ट्यूब बोट-बोट सरकवत पाण्यात दाबत गेले. दहीधपाट्याचं तूप पाण्यावर तरंगत होतं. अर्ध्याहून जास्त ट्यूब फिरली आणि बारीक, मोहरीएवढा बुडबुडा. नखाने दाबून धरला. पुसलं, काचपेपर घासला, सोल्युशन लावलं आणि हात मागे घेतला. पुणेकर म्हणाले, "लाव ना पॅच." मी म्हटलं, "थांबा. सुकू द्या. फुंकर मारायची नाही, फुंकरीत थुंकी असते." हे वाक्य माझं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. चावडीपुढच्या लिंबाखाली, एका रविवारी, तुमच्यापुढे बसून मी ते शिकले. तेव्हा मला खेळायला जायचं होतं आणि मी रडत होते.

पॅच टिकला. सांताक्रूझपर्यंत टिकला, आणि काल पुणेकरांनी कळवलं की अजून टिकलाय. ते आता मला "मास्तरीणबाई" म्हणतात. तुमचे जावई घरी आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "मला शिकवशील का?"

सांताक्रूझ चांगलं आहे. तिथे पोचल्या पोचल्या ऊन पडलं, समुद्र निळाभोर दिसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं की आपण कशाच्या काठाने येत होतो. मग सायकली गाडीवर बांधून त्याच ऊन पडलेल्या समुद्राकडे पाठ करून घरी आलो, कारण सोमवारी ऑफिस होतं. नोकरी आहे ना.

उद्या राखी आणि श्रावणी सोमवारही. औंढ्याला गर्दी असेल, आईला पहाटेच्या रांगेत उभं राहू देऊ नका. दादाची राखी पोस्टाने महिन्याभरापूर्वी टाकलीय, पोचली की नाही ते त्याने एका शब्दात तरी कळवावं.

आणि नाना, आई म्हणत होती की गोठ्यातली तुमची सायकल भंगारवाला तीनशेला मागतोय. देऊ नका. तीन हजारला मागितली तरी देऊ नका. डिसेंबरात आम्ही येतोय. तोवर तिचं ओव्हरऑइल करून ठेवा, मागचा टायर नवा टाका, सीटचे पैसे मी देते. धाकट्याला नळीवर बसवून शाळेपर्यंत न्यायचंय. तुमचे जावई कॅरियरवर बसतील.

तुमची,
लाडकी (दादापेक्षा)

ता. क. चड्डीचा परिच्छेद शेजारच्या काकूंना वाचून दाखवू नका. नोकरीचा दोनदा दाखवा.